आकाशातल्या बायकांचं माहेर : १९०५ ते १९२५ मधली परीकथांची सचित्र पुस्तकं

शाईचा_डाग
प्रश्न साधा आहे. बाईला पंख लावायचे नाहीत, डोक्यामागे तेजोवलय काढायचं नाही, ढगावर उभी करायची नाही, आणि तरी बघणाऱ्याला पहिल्या नजरेत कळलं पाहिजे की ही काही जमिनीवरची नव्हे. कसं करायचं?

१९०५ च्या आसपास इंग्लंडात परीकथांची जी भारीभारी सचित्र पुस्तकं निघायला लागली त्यातल्या चित्रकारांनी हा प्रश्न कसा कसा सोडवला ते सध्या बघत बसलोय. स्कॅन बरेचसे इंटरनेट आर्काइव्हवर फुकट आहेत. बघता बघता एक मत बनलंय ते इथे टाकतो, काय फाडायचं ते फाडा. मत असं की या सगळ्या जणींचं माहेर छापखाना आहे.

त्याच्या आधीची रंगीत पुस्तकं काढून बघा, वॉल्टर क्रेन, केट ग्रीनवे वगैरे. लाकडाचे ठोकळे कोरायचे, प्रत्येक रंगाला वेगळा ठोकळा, आणि रंग केसभर सरकला तरी दिसू नये म्हणून सगळ्याच्या बाहेरून काळी रेघ. मग परी असो की गवळण, ती त्या रेघेच्या कुंपणात. तरंगणार कशी? नंतर तीन रंगांचं हाफटोन आलं. म्हणजे मूळ जलरंगातल्या चित्राचे तीन वेगळ्या फिल्टरमधून फोटो घ्यायचे, जाळीतून त्याचे ठिपके पाडायचे, आणि पिवळा, लाल, निळा असे एकावर एक छापायचे. आता चित्रकाराने ओल्या कागदावर रंग सोडला तर तो तसाच पुस्तकात उतरायला लागला, मधे कोरणारा माणूस नाही. फक्त हे ठिपके साध्या कागदावर नीट उठत नाहीत, गुळगुळीत आर्ट पेपर लागतो, म्हणून चित्रं वेगळी छापून पुस्तकातल्या जाड पानावर एका कडेने चिकटवायची आणि वर पातळ टिश्यू. ते टिश्यू उचलून चित्र बघायचं, तिथेच अर्धी जादू झालेली असते.

आता गंमत बघा. आर्थर रॅकहॅमला हे तंत्र मिळालं (१९०५ चं रिप व्हॅन विंकल, ५१ रंगीत चित्रं) पण त्याने रेघ सोडली नाही, पेनाने काढायचा आणि वर तपकिरी पिवळट रंग फिरवायचा. त्यामुळे त्याच्या पऱ्या कायम मुळाफांद्यांतून उगवल्यासारख्या दिसतात, जमिनीच्याच. फ्रान्समधल्या तुलूझहून लंडनला आलेला एडमंड द्युलाक, पंचविशीतला पोरगा, १९०७ मधे अरेबियन नाइट्सला पन्नास चित्रं करतो आणि बऱ्याच ठिकाणी रेघेला चक्क सुट्टी देतो, कड ठरवायचं काम रंगाकडे. १९११ मधे हान्स अँडरसनच्या परीकथा केल्या त्यातली हिमराणी बघा. रात्रीचं आकाश ज्या निळ्यात आहे त्याच निळ्यातून थोडी फिकी छटा काढून तिला घडवलीय, ती कुठे संपते आणि आकाश कुठे सुरू होतं ते बोट ठेवून सांगता येत नाही. माझ्या प्रश्नाचं मला सापडलेलं सगळ्यात भारी उत्तर हेच.

मग १९१४ मधे डेन्मार्कचा काय नील्सन नॉर्वेच्या लोककथांना चित्रं करतो आणि पुन्हा रेघेकडे जातो, पण ती इतकी बारीक आणि आजूबाजूला इतकी मोकळी जागा की बाई लांबच लांब, सडपातळ, आणि आकाश तिच्या दसपट. त्याच्यावर वेगळं लिहीन कधीतरी.

चांदणवेल
मस्त धागा! पण माहेराबद्दल वाद घालणार मी :) माझ्या मते माहेर नाटकाचं थिएटर आहे, छापखाना फार तर सासर.

लोई फुलर नावाची अमेरिकन नर्तकी १८९२ मधे पॅरिसच्या फोली बेर्जेरमधे नाचायला लागली. अंगावर वारच्या वार रेशीम, हातात काठ्या ज्याने ते रेशीम लांबवर फिरवायचं, आणि वरून खालून रंगीत विजेचे दिवे. बाई दिसायचीच नाही म्हणे, नुसता प्रकाश गरगर फिरतोय असं वाटायचं. त्या पोशाखाचं पेटंटसुद्धा घेतलं होतं तिने. मग १९०४ मधे लंडनच्या रंगमंचावर पीटर पॅन आलं त्यात टिंकर बेल ही परी म्हणजे फक्त आरशाने फिरवलेला उजेडाचा ठिपका, नटी वगैरे कोणी नाहीच. १९०९ ला पॅरिसात रशियन बॅले, दोन वर्षांनी लंडनमधे. बाईचं वजन काढून घ्यायचं काम या लोकांनी आधी केलं, चित्रकारांनी ते तिकडून उचललं. आणि तुमच्या नील्सनची आई ओडा नील्सन ही कोपनहेगनची मोठी नटी, वडील नाट्यदिग्दर्शक. त्याची कुठलीही चित्रं बघा, पडदा वर गेलाय आणि नटी स्टेजच्या मधोमध येऊन उभी आहे अशीच रचना असते.

खवचट_काका
चित्रं बघितली. सगळ्यांचं हिमोग्लोबिन तपासायला पाहिजे. आमच्या राजा रविवर्म्याची मेनका बघा, चांगली खात्यापित्या घरची, विश्वामित्र उठणार नाही तर काय होईल. ही हिमराणी समोर आली तर ऋषी उलट शाल पांघरून बसेल.

प्रेसवाले_अण्णा
काका हसवताय पण तुम्ही नकळत मुद्द्याचं बोललात. मी आयुष्य ऑफसेटमधे घालवलंय (आता रिटायर) म्हणून चार शब्द.

रविवर्म्यांच्या प्रेसचं तंत्र वेगळं. १८९४ मधे घाटकोपरला सुरू झाली, नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेली, श्लायशर नावाचा जर्मन तंत्रज्ञ होता त्यानेच पुढे ती विकत घेतली. तिथे क्रोमोलिथो, म्हणजे दगडावर चरबीच्या खडूने कारागीर स्वतः हाताने चित्र उतरवणार, प्रत्येक रंगाला एक दगड, रंगावर रंग चढत जाणार. मूळ चित्र तैलरंगातलं, त्याचा भरीवपणा आणायचा तर शाईचे थर द्यावेच लागतात. त्यामुळे त्या प्रेसमधून निघालेली रंभा असो की मेनका, अंगाने भरीवच निघणार. दंड दाबला तर दबेल असा. तीन रंगांच्या हाफटोनमधे शाई पारदर्शक, खालचा पांढरा कागद ठिपक्यांच्या मधून चमकत राहतो. शाईचा_डाग म्हणतात ती तरंगणारी बाई त्या पांढऱ्या कागदाच्या जोरावर उभी आहे.

अजून एक. तीन रंगात काळी शाई नसते. अंधार करायचा तर तिन्ही रंग एकावर एक टाकायचे, त्यातून कोळशासारखा काळा मिळत नाही, निळसर किंवा तपकिरी असा मऊ अंधार मिळतो. त्या पुस्तकांतल्या रात्री एवढ्या मायाळू दिसतात त्याचं कारण बरंचसं हे.

शाईचा_डाग
अण्णा __/\__ काळ्या शाईचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता.
चांदणवेल, थिएटरचं मान्य, पण रॅकहॅमनेसुद्धा तीच नाटकं बघितली असणार ना लंडनमधे राहून? मग त्याच्या पऱ्या झाडाच्या मुळांत अडकलेल्या का?

चांदणवेल
कारण तो रॅकहॅम आहे :) सगळ्याला तंत्र कारण नसतं हो, माणसाचा पिंड म्हणून काही असतो की नाही.

आटपाट_नगर
रॅकहॅमचा जन्म १८६७, आणि आपल्या चित्रकार रावबहादूर धुरंधरांचा पण १८६७, कोल्हापूर. हे मुद्दाम सांगतेय कारण या विषयात त्यांचं एक पुस्तक बसतं जे इथे कोणाला आठवलं नाही. १९१४ मधे (नील्सनचं पुस्तक निघालं तेच साल!) मॅकमिलनने डेक्कन नर्सरी टेल्स काढलं, लेखक सी. ए. किंकेड, तेच आयसीएस साहेब ज्यांनी पारसनीसांबरोबर मराठ्यांचा इतिहास लिहिला. चित्रं एम. व्ही. धुरंधरांची. आणि गोष्टी कुठल्या, तर आपल्या श्रावणातल्या कहाण्या! रविवारची, सोमवारची, नागोबाची, दिव्याच्या अवसेची.

आता कहाणीतल्या आकाशातल्या बायका आठवा. नावडती रानात जाते, तिथे नागकन्या देवकन्या भेटतात, ती विचारते बाई बाई कुठं जाता, त्या म्हणतात महादेवाच्या देवळी जातो, शिवामूठ वाहतो. आदित्यराणूबाईच्या कहाणीतपण तेच, ब्राह्मण रानात जातो आणि तिथे या बायका वसा वसताहेत. त्यांना उडायचं नाहीये, चमकायचं नाहीये, त्यांना व्रत पुरं करायचंय आणि समोरच्या गांजलेल्या बाईला सांगायचंय की तूही कर, पण उतू नको मातू नको. त्या खाली येऊन बसतात आणि आपल्या बाईशी बोलतात. अशा बायकांना आकाशाच्या निळ्यात विरघळवून काय करायचं? त्या शेजारणीसारख्या दिसल्या तरच गोष्ट चालते. धुरंधरांचा हात तर तोच होता, नऊवारीचा काष्टा, नथ, हातात ताट धरायची पद्धत, हे सगळं त्यांना आतून माहीत. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले आणि तिथेच १९३१ पर्यंत शिकवलं, म्हणजे साहेबाची पद्धत येत नव्हती असं कोणी म्हणू नये. त्यांनी वजन ठेवलं कारण गोष्टीला वजन हवं होतं.

म्हणून मला तंत्रापेक्षा हे महत्त्वाचं वाटतं की चित्रातली बाई कुठल्या गोष्टीतून आलीय. हिमराणी मुलाला पळवून नेते. आपली देवकन्या वसा देते.

खडूफळा
आटपाट_नगर ताई, प्रतिसाद जबरदस्त. वाचनखूण साठवली.

शाईचा_डाग
हे पुस्तक ऐकून होतो, आता उघडतो. पण मग १९१३ मधलं दुसरं एक टोक बघा. भगिनी निवेदिता आणि आनंद कुमारस्वामी यांचं हिंदू-बौद्ध पुराणकथांचं पुस्तक लंडनच्या हॅरपने काढलं (निवेदिता १९११ मधेच गेल्या, कुमारस्वामींनी पुरं केलं), चित्रं अवनींद्रनाथ टागोरांच्या देखरेखीखाली, नंदलाल बोस वगैरे मंडळींची. तिथे मात्र सगळं धुकं. १९०३ मधे योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुनसो हे जपानी चित्रकार कलकत्त्याला आले होते, त्यांच्या कामावरून अवनींद्रनाथांनी ती वॉशची पद्धत बसवली, चित्र रंगवायचं, पाण्यात भिजवायचं, पुन्हा रंगवायचं, कडा पुसट होत जातात. आणि असं पुसट चित्र तीन रंगात काय सुंदर उतरतं! देश आपलाच, पुराणं आपलीच, साल जवळपास तेच, पण मुंबईची देवकन्या पाटावर बसलेली आणि कलकत्त्याची धुक्यात उभी. मग गोष्टीचा न्याय कसा लावायचा ताई?

आटपाट_नगर
त्यांच्या गोष्टी पुराणातल्या, माझ्या गोष्टी बायकांच्या तोंडी चालत आलेल्या. फरक आहेच की. आणि कलकत्त्याच्या मंडळींना आम्ही पाश्चात्य वळणाचं काढत नाही हे दाखवायची घाई होती, त्यात जे. जे. वाल्यांना नावं ठेवायची सोय पण झाली. असो, तो वाद इथे नको, पानंच्या पानं जातील.

काळा_पांढरा
उशिरा आलो. माहेराची थिअरी छान आहे पण रंगाशिवायचं काय? सिडनी साइम. लहानपणी कोळशाच्या खाणीत कामाला होता, मग चित्रकार झाला. १९०५ मधे लॉर्ड डन्सेनीने पेगाना नावाच्या काल्पनिक देवांचं पुस्तक काढलं त्याला साइमची चित्रं, सगळी काळ्या करड्यात. तो देव, देवी, आकाशातले प्राणी असे काढतो की चित्राचा तीन चतुर्थांश भाग नुसता अंधार किंवा नुसतं आभाळ. तिथे निळा नाही, पारदर्शक शाई नाही, पांढरा कागद चमकत वगैरे नाही. तरी अंगावर काटा येतो. आणि नंतर तर उलटंच झालं, डन्सेनीने साइमला सांगितलं की तू मनाला येईल ते काढ, मी त्यावर गोष्टी लिहितो, त्यातून १९१२ चं बुक ऑफ वंडर निघालं. म्हणजे आटपाट_नगर यांचाही मुद्दा गेला, इथे चित्र आधी आणि गोष्ट मागाहून.

दुसरा डब्लिनचा हॅरी क्लार्क. पोटापाण्याचा धंदा चर्चच्या रंगीत काचा. १९१९ मधे एडगर अ‍ॅलन पोच्या कथांना पेनाने चित्रं केली, नुसती काळी शाई. त्यातल्या बायका मेल्यात की जिवंत आहेत, की दोन्हीच्या पलीकडे कुठे आहेत, ते कळत नाही. कपड्यावर हजारो बारीक ठिपके, वेलबुट्ट्या, आणि मधे पांढराफटक चेहरा. मला विचाराल तर द्युलाकची हिमराणी गोड आहे, क्लार्कच्या बायकांची भीती वाटते. आकाशातलं काही खरंच खाली आलं तर भीतीच वाटली पाहिजे ना.

शाईचा_डाग
भीतीचं पटलं. पण छापखाना तरी सुटत नाही हो. साइमचे ते करडे धूसर भाग छापायला हाफटोनच लागतं, वीस-पंचवीस वर्षं आधी असतं तर कोणीतरी ते लाकडावर रेघारेघांनी कोरलं असतं आणि धूसरपणा तिथेच मेला असता. क्लार्कच्या केसाएवढ्या रेघा फोटोवरून ब्लॉक करता आले म्हणून वाचल्या.

काळा_पांढरा
अशाने काय, उद्या म्हणाल ज्ञानेश्वरीचं माहेर बोरूत आहे. साधनाशिवाय कला होत नाही हे कोणाला माहीत नाही? साधन सगळ्यांकडे तेच होतं, साइम एकच झाला.

खवचट_काका
+१ बोरूला

पाटी_पेन्सिल
इतका वेळ सगळे पुरुष चित्रकार चाललेत म्हणून एक नाव टाकते, व्हर्जिनिया स्टेरेट. शिकागोची, १९०० चा जन्म. एकोणीस वर्षांची असताना फ्रेंच परीकथांच्या पुस्तकाचं काम मिळालं, ते १९२० ला आलं. क्षय होता. शेवटचं पुरं झालेलं मोठं काम म्हणजे १९२८ चं अरेबियन नाइट्स, अंगात ताकद नसायची म्हणून थोडं थोडं करत गेली, १९३१ मधे गेली. तिच्या चित्रात बाई छोटीशी असते आणि झाडं, आकाश, जिने, सगळं तिच्यावर झेपावत असतं. बाकीच्यांकडे बाई बघण्याची वस्तू आहे, हिच्याकडे ती स्वतः कुठेतरी बघतेय असं मला वाटतं. तुम्ही सहमत व्हाच असं नाही.

आणि ही पुस्तकं मुलांसाठी होती या गैरसमजात कोणी राहू नका. नाताळच्या भेटीचा धंदा होता तो. रॅकहॅम, द्युलाकची मूळ चित्रं लंडनच्या लेस्टर गॅलरीत प्रदर्शनात विकायची, साधी आवृत्ती मध्यमवर्गाला आणि सही केलेली, कातडी बांधणीची, मोजक्या प्रतींची आवृत्ती श्रीमंतांना. आकाशातल्या बाईला गिऱ्हाईक होतं दिवाणखान्यातलं, तिने फार घाबरवूनही चालणार नव्हतं. पहिलं महायुद्ध आलं आणि तो बाजारच बसला. नील्सन पुढे अमेरिकेत गेला, डिस्नेच्या फँटेझियासाठी काम केलं, पण १९५७ मधे गेला तेव्हा हातात पैसा नव्हता. त्याची अरेबियन नाइट्सची चित्रं पुस्तक म्हणून आली ती थेट १९७७ मधे.

टोरंटोचा_पाहुणा
थोडं अवांतर, पण इथेच शोभेल. या पुस्तकातल्या पऱ्या एकदा खऱ्या ठरल्या होत्या! १९१७, यॉर्कशायरमधलं कॉटिंग्ली गाव. दोन मावसबहिणी, एक सोळा वर्षांची, एक नऊ, ओढ्याकाठी पऱ्यांबरोबर फोटो काढून आणतात. १९२० च्या नाताळच्या स्ट्रँड मासिकात कोण छापतं, तर सर आर्थर कॉनन डॉईल, शेरलॉकचा बाप, आणि ठाम विश्वास ठेवून. पुढे १९८३ मधे म्हाताऱ्या झालेल्या त्या दोघींनी सांगितलं की पुठ्ठ्यावर काढून कापलेल्या होत्या, हॅटच्या पिनांनी गवतात उभ्या केलेल्या. आणि त्यातल्या नाचणाऱ्या पऱ्या कुठून उतरवल्या? १९१४ मधे निघालेल्या प्रिन्सेस मेरीज गिफ्ट बुक या पुस्तकातल्या चित्रावरून. आता कहर ऐका, त्याच पुस्तकात डॉईलची स्वतःची एक कथा आहे.

खवचट_काका
च्यायला, म्हणजे साहेबाने लेखकाची प्रत उघडून पण बघितली नाही.

चांदणवेल
हे भन्नाट आहे! आणि त्या फोटोतल्या पऱ्यांची पॅरिसच्या फॅशनची केशरचना लोकांनी तेव्हाच हेरली होती, तरी विश्वास ठेवणारे ठेवत राहिले.

नवा_गडी
सगळ्यांना नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. हे सगळं बघायचं कुठे? आणि मी ऑनलाइन लिलावात द्युलाकची एक "ओरिजिनल प्लेट १९११" म्हणून घेतलीय, फार महाग नव्हती. ती खरी आहे का कसं कळेल?

आटपाट_नगर
धुरंधरांचं पुस्तक प्रोजेक्ट गुटेनबर्गच्या साइटवर आहे, इंग्रजीत. वाचताना शेजारी मराठी कहाणीसंग्रह ठेवा, आजीकडे असेलच. रविवर्म्याचे छापील नव्हे तर मूळ तैलरंग बघायचे असतील तर औंधचं श्रीभवानी संग्रहालय, साताऱ्याहून एका दिवसात होतं.

शाईचा_डाग
बाकीचं आर्काइव्हवर. एकच स्कॅन बघून मत बनवू नका, कागद पिवळा पडला की द्युलाकचा निळा हिरवट दिसायला लागतो. दोन-तीन प्रती उघडून ताडून बघा.

प्रेसवाले_अण्णा
नवा_गडी, एक भिंग घ्या, दहापट तरी मोठं दाखवणारं. पहिलं, ठिपके दिसतात का बघा. दिसायलाच पाहिजेत, अजिबात दिसले नाहीत तर भलतंच काहीतरी आहे. दुसरं, ठिपक्यांत काळा रंग आहे का. पिवळा, लाल, निळा एवढंच असेल तर चांगलं लक्षण, स्वच्छ काळे ठिपके दिसले तर बहुधा नंतरची चार रंगांची छपाई. तिसरं, कागद गुळगुळीत हवा. चौथं आणि सगळ्यात सोपं, चित्र उलटं करा. त्या काळी चिकटवायची चित्रं एका बाजूनेच छापायचे, पाठ कोरी असते, फार तर कडेला डिंकाचा डाग.

नवा_गडी
अण्णा, भिंग नाहीये, मोबाईलने झूम करून बघितलं, काळे ठिपके आहेत असं वाटतंय. मागे पान नंबर आणि गोष्टीचा मजकूर छापलाय.

प्रेसवाले_अण्णा
मग ते नंतरच्या पुनर्मुद्रणातून कापलेलं पान आहे. विक्रेत्याने जाहिरातीत १९११ लिहिलं असेल तर स्क्रीनशॉट काढून पैसे परत मागा. आधी मागा, भिंतीवर नंतर लावा.

खवचट_काका
आणि मागचा मजकूर वाचून काढा आधी. डॉईलसारखं नको.